दोन ओळींचा समुद्र

गावात मी बँकेत आहे. कोणत्या बँकेत, असं कुणी विचारलं की आप्पा, म्हणजे माझे वडील, "तिकडं कोकणात" एवढं सांगतात आणि विषय द्राक्षांवर नेतात. प्रत्यक्षात बँकेत मी कधीतरी लॉकरसाठी जाते, तेवढंच. माझी खरी नोकरी समुद्राकाठी आहे. लाट किनाऱ्यापाशी येऊन फुटते तेव्हा पाण्यातली किती ऊब हवेत जाते, आणि कधी उलटं होऊन हवेतली पाण्यात येते, हे मोजणाऱ्या लोकांपैकी मी एक. लाटा फुटतात तिथं वाळूत आमचे खांब रोवलेले आहेत. त्यांच्यावर वेगवेगळ्या उंचीला तापमापक आहेत, हवेतला ओलावा मोजणारी यंत्रं आहेत, आणि त्या यंत्रांवर बसलेलं मीठ पुसण्यात माझ्या आयुष्याचा बराच भाग गेला आहे.

आप्पांची अडचण मला कळते. आमचं गाव निफाड तालुक्यात. समुद्र बघायचा तर अख्खा घाट उतरून जायचं. तिथं सोसायटीच्या ओट्यावर बसून "माझी पोरगी लाटांची ऊब मोजती" असं सांगायचं कसं? नोकरी लागली तेव्हा त्यांनी एकदा सांगून पाहिलं होतं. आमच्या बांधाला बांध लागून असलेले काका, आप्पांचे चुलतभाऊ, तिथं बसले होते. ते म्हणाले, "लाटा मोजती? मंग सगळ्या मोजून झाल्या की पेन्शन का?" ओट्यावर हशा पिकला. त्या दिवसापासून मी बँकेत लागले. पुढे मला बढतीही मिळाली. आईकडून कळलं की आप्पांनी मला मॅनेजर केलं आहे.

मी हे मैत्रिणींना हसत हसत सांगते, पण ते सलतं. पिकतं तिथं विकत नाही, हे मला ठाऊक आहे. माझं म्हणणं लोक लांबून येऊन ऐकतात, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. मला हवं होतं ते एवढंच, की आप्पांनी एकदा चारचौघांत, मान खाली न घालता सांगावं, ही काय करते ते. चाळिशी उलटलेल्या बाईने वडिलांच्या तोंडच्या एका वाक्यासाठी झुरावं हे काही बरं दिसत नाही. तरी मी झुरत होते.

डिसेंबर संपता संपता मी रजा काढून घरी येते. याच दिवसांत निफाडचं नाव पेपरात झळकतं. राज्यात सगळ्यात गार कुठं, तर निफाडला. तालुक्यातली माणसं ती बातमी घरचं पोरगं बोर्डात आल्यासारखी एकमेकांना वाचून दाखवतात. हा अभिमान चहा संपेपर्यंत टिकतो. मग जो तो आपापल्या बागेत जातो आणि घड तळहातावर उचलून बघतो.

द्राक्षाचा मणी आधी टणक असतो, हिरवा, वाटाण्यासारखा. मग एके दिवशी तो मऊ पडतो, त्याच्यातून उजेड दिसायला लागतो आणि आत गोडी धरते. त्याला आमच्याकडे मण्यात पाणी उतरलं म्हणतात. पाणी उतरलेला मणी लहान पोरासारखा सांभाळावा लागतो. एका रात्रीत पारा फार खाली आला की सालीला तडा जातो, तड्यातून रस झिरपतो, त्याच्यावर माश्या बसतात आणि एक मणी स्वतःबरोबर सगळा घड घेऊन जातो. मागच्या हिवाळ्यात मी घरी आले तेव्हा आप्पांच्या बागेत नेमकं पाणी उतरलं होतं आणि उत्तरेकडून कोरडं वारं सुटलं होतं.

आप्पांची बाग म्हणजे विहिरीकाठचा तुकडा. बाकीची बाग धाकटा भाऊ बघतो. हा तुकडा मात्र आप्पांनी स्वतः लावलेला. त्याचे दगड वेचले ते त्यांनी आणि आईने. सत्तरी ओलांडली तरी त्या वेलींना ते भावाला कात्री लावू देत नाहीत. "तुझी बाग तू बघ, माझी म्या बघतो," म्हणतात, जसा काही भाऊ परक्या गावचा आहे. त्या तुकड्याची खोड एकच. तो खोलगट आहे. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने येते आणि तिथं साचून बसते. भावाच्या बागेत काही होत नाही त्या रात्रीही आप्पांच्या बागेत मणी तडकतात.

त्याच्यावर आमच्याकडचा उपाय जुना आहे. पहाटे पहाटे ओळींमधून विहिरीचं मोकळं पाणी सोडायचं आणि बांधाच्या कडेने शेकोट्या पेटवायच्या. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं. ते पाणी जमिनीवरून वाहत गेलं की खालून थोडी ऊब मिळते, शेकोटीचा धूर वर पांघरूण धरतो, आणि माणूस सूर्य उगवायची वाट बघत बसतो.

त्या कोमट पाण्याची आठवण आम्हा भावंडांच्या अंगात मुरलेली आहे. लहानपणी हिवाळ्यात आमची अंघोळ विहिरीवरच व्हायची. मोटर चालू झाली की पाइपातून जाड धार हौदात पडायची आणि हौदावर वाफ धरायची. पाइपाखाली उभं राहिलं की स्वर्ग. तिथून कुणी निघायलाच तयार नसायचं. आप्पा ओढून बाहेर काढायचे, आणि बाहेर आल्याबरोबर वारं अंगाला असं झोंबायचं की दातावर दात आपटायचे. मग आई टॉवेल घेऊन मागे आणि आम्ही हुडहुडत पुढे.

तर मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा आणि मी ओसरीत चहा घेत बसलो होतो. ते बराच वेळ बागेकडे बघत होते. मग कपाकडे बघत म्हणाले, "तुझ्या त्या लाटंचं काय असतं गं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न विचारला नव्हता. पगार वेळेवर होतो का, खोलीला कुलूप बरं आहे का, एवढंच विचारायचे.

"कामून?" मी विचारलं. घरी आले की पहिल्याच दिवशी माझी जीभ गावची होते.

"काय नाय. इचारलं."

मी त्यांचा कप घेतला आणि निम्मा चहा बशीत ओतला. "कपातला गार व्हायला येळ लागतो, बशीतला लगेच होतो. कामून?"

"पसरतो म्हनून."

"चहा तोच. हवेला भिडायला अंग जास्त मिळालं. सपाट समुद्र म्हंजी कपातला चहा. लाट फुटली म्हंजी समुद्रानं सोताला बशीत ओतलं. फेस होतो, थेंब उडत्यात. येक येक थेंब म्हंजी बारीकशी बशीच. हिवाळ्यात पहाटंला समुद्र ऊन असतो आन् वरची हवा गार. मंग लाट फुटली की पाण्याची ऊब हवेत जाती."

आप्पा बशीकडे बघत होते. मी बशी उचलून द्यायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं. त्यांचा विचार चालू होता.

"आन् लाट फुटलीच नाय तर?" त्यांनी विचारलं.

"तरी जाती. पर हळू जाती. कपातल्यासारखी."

"म्हंजी ऊन पाणी बारीक करून हवेत फेकलं, तर हवा ऊन होती."

"होती."

"हं," आप्पा म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

मी हवेतच तरंगत होते. इतकं नेमकं वाक्य माझ्या हाताखालच्या शिकलेल्या मुलांनाही पहिल्या दिवशी जमत नाही. त्या संध्याकाळी मी आईला चुलीपाशी बसू दिलं नाही, सगळ्या भाकरी मीच थापल्या. भाऊ म्हणाला, "ताई, आज काय सण हाय का?" मी म्हणाले, हाय. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

पहाटे जाग आली ती ब्लोअरच्या आवाजाने. ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरमागे लावायची औषध फवारायची टाकी. तिला मोठा पंखा असतो. तो पाण्याचे अगदी बारीक तुषार करून मांडवातल्या वेलींवर फेकतो. इतक्या पहाटे गारठ्यात कुणी औषध मारत नाही. मी अंथरुणात उठून बसले आणि मला कळलं. कालची बशी डोळ्यासमोर आली.

भावाचं जॅकेट अंगात अडकवून मी विहिरीकडे पळाले. ट्रॅक्टरचा दिवा ओळीत पडला होता. त्या उजेडात पांढरे तुषार मांडवाखालून उडत होते, वर वाफ होत होती, आणि मधोमध ट्रॅक्टरवर कानटोपी घालून, अंगावर घोंगडी घेऊन आप्पा बसले होते. एक क्षण मला वाटलं, मी किनाऱ्यावरच उभी आहे, माझ्या खांबांपाशी. तेवढ्यात तुषार गालाला लागले. लागताना ते गार नव्हते. मग वारं आलं आणि ओला गाल बधिर झाला.

आप्पांनी मला पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. ट्रॅक्टर चालू ठेवूनच ते मोठ्यांदा म्हणाले, "ये, बघ. तुझा समुद्र केला हितं."

दोन ओळी भिजून झाल्या होत्या. ट्रॅक्टर तिसरीत शिरत होता.

मी गप्प राहू शकले असते असं नाही. त्या बागेचे दगड ज्यांनी वेचले त्यांची ती बाग होती, आणि ती डोळ्यादेखत बिघडत होती. पण ज्या एका गोष्टीसाठी मी इतकी वर्षं थांबले होते ती समोर ट्रॅक्टरवर बसून हसत होती, आणि तिला "बंद करा" म्हणायचं माझ्या जिवावर आलं. तरी म्हणाले.

"आप्पा, बंद करा."

"आँ?"

"ब्लोअर बंद करा. घड तडकतील."

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. त्यांना वाटलं मला कळलेलं नाही. "आगं, इहिरीचं पाणी हाय. ऊन हाय. टाकीला हात लावून बघ."

"टाकीत ऊन हाय. पानावर बसलं की गार होतंय."

"मंग तूच म्हनलीस ना, बारीक करून फेकलं की ऊब हवेत जाती?"

"गेली की. हवेत गेली आन् वाऱ्यानं नेली. आता मण्यावर नुसतं पाणी राहिलं, आन् वारं त्याला सुकवतंय."

"मंग?"

मला नीट सांगता येईना. एरवी फळ्यावर जे मी सहज समजावते ते त्या गारठ्यात, पंख्याच्या आवाजात माझ्या तोंडून निघेना. मग माझी नजर हौदावरच्या पाइपाकडे गेली.

"आप्पा, पाइपाखाली अंघूळ करायचो तव्हा गार कधी लागायचं? पाइपाखाली असताना, का बाहेर निघाल्यावर?"

त्यांनी हौदाकडे पाहिलं.

"बाहेर निघाल्यावर," ते म्हणाले.

"तुमचे घड आता बाहेर निघालेत."

त्यांनी हात खाली नेला आणि ट्रॅक्टर बंद केला. पंखा थांबला. सगळ्या मांडवातून पाणी टपटपत होतं, तेवढा एकच आवाज राहिला. आप्पा ट्रॅक्टरवरून सावकाश उतरले, पहिल्या ओळीत गेले, एक घड तळहातावर घेतला आणि घोंगडीच्या टोकाने तो पुसायला लागले. एक पुसला, मग दुसरा. दोन ओळींत किती घड असतात ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी ते पुसत होते. मला ते बघवेना.

"समुद्राच्या माघं समुद्र असतो आप्पा," मी म्हणाले. "थेंब गार झाला तर परत ऊन पाण्यातच पडतो आन् दुसरा वर येतो. आपल्या माघं येक टाकी हाय."

मी भावाला आणि वहिनीला उठवलं. आम्ही ओळींमधून मोकळं पाणी सोडलं, बांधाच्या कडेला काड्या आणि गोवऱ्या पेटवल्या, धूर बागेवर पसरला. जे दरवर्षी करतो तेच केलं. आप्पा शेकोटीपाशी उकिडवे बसून होते. दिवस उगवला तेव्हा ते उठून घरी गेले आणि अंघोळ करून पूजेला बसले.

खरी गोष्ट अशी आहे की पाण्यातली ऊब हवेत दोन वाटांनी जाते. एक वाट सरळ. ऊन पाणी गार हवेला भिडलं की आपली ऊब तिला देतं. दुसरी वाट आडून जाते. पाण्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती पाण्याची ऊब पोटात घालून नेते. ती ऊब हवेला तिथल्या तिथं मिळत नाही, पुढे कुठं तरी वाफेचा ढग झाला की मिळते. मागे जे पाणी राहतं ते मात्र गारठतं. समुद्राला त्याचं काही वाटत नाही, त्याच्याकडे पुष्कळ आहे. पण एका मण्यावर बसलेल्या थेंबाची वाफ व्हायला लागली तर तो ती ऊब कुठून आणणार? मण्याकडूनच घेणार. त्यात आमचं वारं कोरडं, ओलाव्याला हपापलेलं. शिवाय पाणी उतरलेल्या मण्याच्या सालीवर बराच वेळ ओल राहिली तर तो ते पाणीही पितो आणि फुगून फुटतो.

आदल्या दुपारी ओसरीत मी आप्पांना पहिली वाट सांगितली होती. दुसरी सांगायची राहून गेली. बशीतला चहा गार होतो तो बराचसा त्या दुसऱ्याच वाटेने, पण बशी हातात असून ते माझ्या तोंडी आलं नाही. त्यांनी विचारलं होतं समुद्राचं आणि मी समुद्राचं सांगितलं. त्यांच्या मनात बाग होती हे मला कळायला हवं होतं. शेतकरी माणूस दुपारी बागेकडे बघत बघत उगाच लाटांचं कशाला विचारेल?

दुपारी आई आणि मी परसात धुणं वाळत घालत होतो. आई म्हणाली, "काल रात्री जेवताना त्यांनी मला समदं समजावून सांगितलं."

"काय समदं?"

"ते बशीचं. माझ्या वाटीतलं कालवण ताटात ओतलं आन् म्हनले, बघ, तुझी पोरगी असं करती. मला म्हनले, लय डोक्याचं काम हाय." आईने ओली चादर झटकली. "मला काय कळलं नाय. पर ते लय खूश व्हते."

मी चादरीचं दुसरं टोक धरून उभी होते. चादर आमच्या मधे होती ते बरं झालं, आईला माझा चेहरा दिसला नाही.

उरलेले दिवस आप्पा माझ्याशी नेहमीसारखे बोलले. म्हणजे जेवलीस का, गाडी किती वाजता आहे, तिकडं डास आहेत का. लाटेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. ओसरीत चहा आला तर कपानेच प्यायले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्यांचं माझ्या विद्येच्या बाबतीत झालं असणार. मी रागावू तरी कुणावर? निघताना पाया पडले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नीट जा." नाशिक रोडला गाडीत बसले आणि मला वाटलं, झालं, आता आपण कायमचे बँकेत.

किनाऱ्यावर परत आल्यावर पहिल्या पहाटे खांबांवरचं मीठ पुसायला गेले. लाटा फुटत होत्या. पायाशी आलेलं पाणी विहिरीइतकंच कोमट होतं आणि जमिनीकडून गार वारं येत होतं. मी तिथं उभी राहून थोडी रडले. माझ्याबरोबरच्या मुलाने विचारलं तर डोळ्यात खारं पाणी गेलं म्हणून सांगितलं.

भावाचा फोन यायचा. बाग वाचली होती. त्या पहाटेनंतरही दोन-तीन वेळा पारा खाली आला, पण मोकळ्या पाण्याने आणि धुराने निभावलं. गेल्या त्या विहिरीकडच्या दोन ओळी. त्यांतले मणी तडकले, मग काळे पडले. आप्पांनी ते घड स्वतः तोडून बांधावर टाकले, गड्यांना हात लावू दिला नाही.

फेब्रुवारीत द्राक्षकाढणीला मी पुन्हा रजा काढली. काढणीच्या दिवशी घर लग्नघरासारखं असतं. बायका मांडवाखाली कात्र्या घेऊन घड उतरवत होत्या, क्रेट भरून ट्रॅक्टरवर चढत होते, वहिनी मोठ्या पातेल्यात चहा ठेवून होती. व्यापारी माल बघायला आला होता. काकाही आले होते, ते कुणाचीही काढणी सोडत नाहीत. आप्पा त्या दोघांना घेऊन बागेत फिरले. मी मागे मागे होते.

विहिरीपाशी आल्यावर व्यापारी थांबला. बाकीचा मांडव घडांनी लगडलेला आणि त्या दोन ओळी मोकळ्या. तो म्हणाला, "बाबा, यांना काय झालं?"

आप्पांच्या आधी काकाच बोलले. "थंडीनं गेल्या असतील. ह्या सालाला लय जनांच्या गेल्या." काकांची जीभ तिखट असली तरी मनाने माणूस वाईट नाही. त्यांनी आप्पांना वाट करून दिली होती. आप्पांनी नुसती मान हलवायची, आणि पुढे चालायचं.

"थंडीनं नाय," आप्पा म्हणाले. "म्या घालवल्या."

दोघं त्यांच्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता जमिनीनं पोटात घेतलं तर बरं.

"पहाटंला ब्लोअरनं इहिरीचं पाणी मारलं. मला वाटलं ऊब धरल. पोरीनं पळत येऊन बंद करायला लावलं, नाय तर समदी बाग गेली असती." आणि त्यांनी हात मागे करून मला पुढे बोलावलं, लहानपणी पाहुण्यांपुढे बोलवायचे तसं. "ही माझी थोरली. ही समुद्रावर असती. लाट फुटली की पाण्यातली ऊब हवेत किती जाती, ते मोजती. लय वर्सं झाली. लय डोक्याचं काम हाय."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग आप्पांकडे. "आन् बँकेत हाय ना ती?"

"बँकेत?" आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. "बँकेत कोन म्हनलं?"

काकांचं तोंड उघडं राहिलं. मी खाली बघून ओठ दाबले. मॅनेजरची माझी नोकरी त्या क्षणी गेली.

"मंग एवढं शिकलेली पोरगी घरात असून ओळी कशा गेल्या?" व्यापाऱ्याने हसत विचारलं. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं.

"तिचं बराबर व्हतं," आप्पा म्हणाले. "म्या अर्धंच ऐकलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो."

मी तोंड उघडलं. त्यांनी अर्धं ऐकलं नव्हतं. मी जेवढं सांगितलं तेवढं त्यांनी पूर्ण ऐकलं होतं, अर्धं मीच सांगितलं होतं. पण आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की शब्द तिथंच थांबले. आम्ही पोरं पाहुण्यांत काही बोलायला गेलो की ते असंच बघायचे. गप्प बस, हे मोठ्यांचं आहे.

चहा आला. आम्ही चौघं हौदाच्या काठावर बसलो. आप्पांनी आपला चहा बशीत ओतला. कितीतरी दिवसांनी मी त्यांना बशीने पिताना बघत होते. मग काकांनी घसा खाकरला.

"म्हंजी लाट फुटली की ऊब जाती," ते म्हणाले. "आन् नाय फुटली तर?"

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांना उत्तर येत होतं. हा प्रश्न त्यांनीच पहिल्यांदा विचारला होता. पण ते बशी खाली ठेवून, तोंड पुसून म्हणाले, "तिला इचार ना. तिचं काम हाय ते."

मी आप्पांची बशी पुढे ओढली आणि सांगायला लागले. या वेळी दोन्ही वाटा सांगितल्या.